वाचकांची वहिवाट

विज्ञानकथेच्या खऱ्या रसिकाचे सुख पुस्तक मिटल्यावर संपत नाही. किंबहुना तेथूनच ते दुणावते. कथेतला ग्रह त्या सूर्याभोवती तितक्या काळात फिरू शकेल काय, तेथील समुद्र कशाचे असतील, नायकाने घेतलेली उडी त्या ठिकाणच्या गुरुत्वाकर्षणात संभवते काय, अशा एकेका गोष्टीची रुजुवात घेण्यास तो बसतो, आणि हिशेब जुळला तर लेखकाच्या बुद्धीला मनोमन प्रणाम करतो, न जुळला तर ती चूक आपल्याला सापडली या आनंदात आणखी एक रात्र जागवितो. अशा चिकित्सेने रसभंग होतो असे मानणारा एक पक्ष आहे, आणि काव्याच्या बाबतीत त्याचे म्हणणे मला मान्यही आहे. परंतु ज्या वाङ्मयाची प्रतिज्ञाच 'असे घडू शकेल' अशी आहे, त्याच्या वाचकाने ती प्रतिज्ञा तपासून पाहणे हा रसास्वादाचाच भाग होय, असे माझे निश्चित मत आहे. या वाङ्मयाचा इतिहास बहुधा लेखकांच्या नामावळीने सांगितला जातो. व्हर्न, वेल्स, असिमोव्ह, क्लार्क, हाइनलाइन अशी मोठ्या नावांची फेरिस्त तयार होते आणि ती योग्यच असते. मात्र लेखकाच्या दारी जाऊन त्याला जाब विचारण्याचा जो हक्क या एका साहित्यप्रकारात वाचकाला मिळाला, तो कोणी सनद लिहून दिलेला नव्हता. तो वर्षानुवर्षांच्या वहिवाटीने पडला, आणि ती वहिवाट कशी पडली याची हकीकत मला त्या नामावळीइतकीच मनोरम वाटते.

असा जाब विचारणारा एक आद्य वाचक म्हणजे खुद्द ज्यूल व्हर्न. १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत त्याने आपले प्रवासी एका प्रचंड तोफेच्या गोळ्यात बसवून फ्लोरिडातून चंद्राकडे धाडले होते. पुढे १९०१ साली एच. जी. वेल्सने आपले प्रवासी चंद्रावर नेले ते गुरुत्वाकर्षणाला अडविणाऱ्या एका कल्पित द्रव्याच्या साहाय्याने. पंचाहत्तरीला पोचलेल्या व्हर्नला १९०३ च्या एका मुलाखतीत या तरुण लेखकाविषयी विचारले असता त्याने तक्रार केली की, मी तोफ वापरली, तोफा जगात आहेत. या गृहस्थाने मात्र अस्तित्वातच नसलेला धातू योजिला, तो त्याने मला दाखवावा. आक्षेप रास्त होता. परंतु त्याच न्यायाने व्हर्नच्या तोफेची तहकीकात केली असता असे दिसते की, तेवढ्या वेगाने गोळा सुटताच आतले तिन्ही प्रवासी क्षणार्धात चिरडले गेले असते, मग त्यांच्या पायाखाली पाण्याची गादी असो की नसो. मराठी वाचकाला ही चंद्रयात्रा फार लवकर घडली. कोचीनहून निघू लागलेल्या 'केरळ कोकिळ' या मासिकात १९०० साली व्हर्नच्या या कादंबरीचे मराठी रूप 'चंद्रलोकची सफर' या नावाने येत होते, तेव्हा वेल्सची चंद्रकथा पुस्तकरूपाने निघालीही नव्हती. तथापि व्हर्नची तक्रार ही एका थोर लेखकाची दुसऱ्याविषयीची तक्रार होती. सामान्य वाचकाला आपले म्हणणे मांडावयास जागा मिळाली ती अमेरिकेत, आणि तीही वाङ्मयाशी फारसा संबंध नसलेल्या एका विद्युत्-व्यापाऱ्याच्या हस्ते.

ह्यूगो गर्न्सबॅक हा १८८४ साली लक्झेंबर्गमध्ये जन्मलेला मनुष्य १९०४ साली अमेरिकेत आला आणि न्यूयॉर्कमध्ये विद्युत्-उपकरणे व बिनतारी संदेशाचे संच घरपोच पाठविणारी पेढी चालवू लागला. गिऱ्हाइकांना माहिती पुरविण्यासाठी त्याने १९०८ साली 'मॉडर्न इलेक्ट्रिक्स' हे मासिक काढले, आणि त्यात १९११ च्या एप्रिलपासून सत्ताविसाव्या शतकातील जगाचे वर्णन करणारी स्वतःचीच एक कादंबरी क्रमशः छापली. कादंबरी म्हणून ती नीरस आहे, हे आज तिचे चाहतेही मान्य करतात. तिचे महत्त्व निराळे आहे: ती वाचणारा मनुष्य तारेची वेटोळी गुंडाळून, स्फटिकावर सुई टेकवून स्वतःच्या हातांनी ग्राहकयंत्र तयार करणारा होता. आकृतीप्रमाणे जोडणी केली आणि यंत्र बोलले नाही, तर चूक आपली की छापणाऱ्याची, हे ताडून पाहण्याची त्याला सवय होती, आणि मासिकाला पत्र पाठवून ती चूक कळविण्याचीही. पुढे विज्ञानकथेच्या वाचकाने लेखकाकडे जी चोख हिशेबाची मागणी केली तिचे मूळ मला या टेबलावर, या तारांच्या गुंडाळ्यांत दिसते; कारण या वाचकाने गोष्ट आणि आकृती या दोन्ही एकाच मासिकात, एकाच बैठकीत आणि एकाच वृत्तीने वाचल्या होत्या.

१९२६ च्या एप्रिलमध्ये गर्न्सबॅकने निव्वळ विज्ञानकथांना वाहिलेले 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक सुरू केले. पंचवीस सेंट किंमत, मोठा आकार, लाकडाच्या लगद्याचा जाड खरबरीत कागद, आणि फ्रँक पॉल या वास्तुशास्त्र शिकलेल्या ऑस्ट्रियन चित्रकाराचे भडक पिवळ्या आकाशाचे मुखपृष्ठ, ज्यावर कडे धारण केलेला शनी क्षितिजावर टेकला आहे आणि खाली बर्फावर माणसे घसरपट्टी खेळत आहेत. आतला मजकूर बहुतांशी जुनाच होता: व्हर्न, वेल्स आणि पो यांच्या कथा पुन्हा छापलेल्या. संपादनाचे दैनंदिन काम टी. ओकॉनर स्लोन हा पंचाहत्तरीचा, विज्ञानावर अनेक पुस्तके लिहिलेला वृद्ध गृहस्थ पाहत असे. लेखकांचे मानधन वेळेवर देण्यात गर्न्सबॅकचा लौकिक मुळीच चांगला नव्हता, आणि त्याची साहित्यिक जाणही बेताची होती. पण १९२७ च्या जानेवारी अंकापासून 'चर्चा' या अर्थाचे एक पत्रसदर त्याने उघडले, आणि त्यात पत्राखाली लिहिणाऱ्याचे नाव व संपूर्ण पत्ता छापण्याचा प्रघात पाडला. हा प्रघात किती दूरवर जाणार आहे याची कल्पना त्या वेळी कोणालाही असणे शक्य नव्हते.

त्या काळी एखाद्या लहान गावातला पंधरा वर्षांचा मुलगा मंगळाचे स्वप्न पाहत असेल, तर त्याच्या शाळेत, शेजारात किंवा घरात त्याच्याशी त्या विषयावर दोन शब्द बोलणारा मनुष्य मिळण्याची आशा थोडीच होती. मासिकाचे भडक मुखपृष्ठ लपवून ते घरी न्यावे लागे आणि वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने ते वाचन म्हणजे वेळेची व पैशाची नासाडी होती. अशा मुलाला पत्रसदरात दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या मुलाचा पत्ता सापडला, आणि संपादकाला डावलून त्यांचा आपसांत पत्रव्यवहार सुरू झाला. त्यातून मंडळे निघाली, आणि १९३० च्या मे महिन्यात एका पत्रमंडळाने 'द कॉमेट' नावाचे आपले स्वतःचे पत्रक काढले. वाचकांनी वाचकांसाठी काढलेल्या विज्ञानकथाविषयक नियतकालिकांत ते पहिले मानले जाते. क्लीव्हलँडमधील जेरी सीगल आणि जो शुस्टर ही शाळकरी जोडी असेच एक पत्रक काढीत असे, आणि १९३३ च्या आरंभी त्यात 'सुपरमॅन' हा शब्द शीर्षकात असलेली त्यांची एक कथा आली; पाच वर्षांनी याच दोघांनी त्या नावाचा, पण अगदी निराळ्या स्वभावाचा, चित्रकथेचा नायक जगाला दिला. गर्न्सबॅकचे १९२९ साली दिवाळे निघून 'अमेझिंग' त्याच्या हातून गेले, त्याने लगेच दुसरी मासिके काढली आणि १९३४ साली वाचकांचा संघही स्थापन केला. १९३७ च्या जानेवारीत इंग्लंडमधील लीड्स येथे, आणि १९३९ च्या जुलैत न्यूयॉर्क येथे वाचकांची संमेलने भरली. त्या न्यूयॉर्कच्या संमेलनात एका गटाच्या सहा जणांना दाराबाहेर ठेवण्यात आले, त्यावरून झालेल्या भांडणाची कागदपत्रे पुष्कळ आहेत. मला त्या तंट्यात फारसा रस वाटत नाही.

रस वाटतो तो एकेकट्या वाचकात. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात माइनहेड नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथे वाढलेल्या आर्थर क्लार्कच्या हाती 'अमेझिंग'चा १९२८ च्या नोव्हेंबरचा अंक प्रथम आला. मुखपृष्ठावर पॉलने काढलेला अवाढव्य गुरू ग्रह होता, त्याच्या पट्ट्यांतली वादळी वेटोळी स्पष्ट दिसत होती, आणि पुढे वार्धक्यात आठवणी लिहिताना क्लार्कने त्या चित्रातल्या ढगांच्या अचूकपणाचे मोठ्या आश्चर्याने वर्णन केले आहे. अमेरिकेत न खपलेली मासिके इंग्लंडात तीन पेन्सांना दुकानात मिळत. शाळेच्या मधल्या सुट्टीत क्लार्क त्या ढिगाऱ्यात हात घालून हवे ते अंक उपसून काढी, आणि कोणकोणते वाचले याची टिपणेही ठेवी. याच वाचकाने १९४५ च्या ऑक्टोबरात 'वायरलेस वर्ल्ड' या मासिकात असे गणित मांडले की, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरांवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरल्यामुळे आकाशात एका जागी स्थिर दिसेल आणि असे तीन उपग्रह सर्व पृथ्वीला संदेश पुरवू शकतील. तीस वर्षांनी, १९७५-७६ साली, भारतातील खेड्यापाड्यांना उपग्रहावरून दूरचित्रवाणी दाखविण्याचा प्रयोग झाला तेव्हा लंकेत स्थायिक झालेल्या क्लार्कच्या घरी भारताने एक ग्राहक-तबकडी भेट म्हणून बसवून दिली. त्या दुकानातल्या ढिगाऱ्यापासून या तबकडीपर्यंतचे अंतर मोजताना मला नेहमीच भरून येते.

तिकडे न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन भागात असिमोव्ह कुटुंबाचे गोळ्या-मिठाईचे दुकान होते, आणि तेथे मासिकेही विकावयास ठेवीत. रशियातून आलेल्या वडिलांनी आयझॅकला त्या भिकार मासिकांना हात लावण्यास मनाई केली होती. १९२९ साली गर्न्सबॅकच्या नव्या मासिकाच्या नावात 'सायन्स' हा शब्द आला, तेव्हा नऊ वर्षांच्या मुलाने तोच शब्द पुढे करून आपली कैफियत मांडली, आणि शास्त्र शिकविणारे काही असेल अशा समजुतीने वडिलांनी परवानगी दिली. अंक विकावयाचा असल्यामुळे तो कोराच दिसला पाहिजे अशा बेताने, पानाला घडी न पाडता, तो वाचून पुन्हा मांडणीवर ठेवणे भाग होते. पुढे हा मुलगा 'अस्टाउंडिंग' मासिकाच्या पत्रसदरात आवेशाने पत्रे लिहू लागला. विज्ञानकथेत प्रेमप्रकरणे घुसडू नयेत असे त्याने ठासून लिहिले, आणि वाचक स्त्रियांनी त्याच सदरातून त्याला खरमरीत उत्तरे दिली. या वादात मी त्या स्त्रियांच्या बाजूचा आहे. वाचकांच्या या पंचायतीत तरुण पुरुषांचा भरणा अतोनात होता, त्यांना यंत्रे आवडत आणि माणसांचे स्वभाव समजत नसत, आणि मासिकाने त्यांचेच ऐकल्यामुळे या वाङ्मयातली माणसे दीर्घकाळ लाकडी राहिली, हे नुकसान हिशेबात धरलेच पाहिजे.

'अस्टाउंडिंग' १९३० च्या जानेवारीत सुरू झाले होते. १९३७ च्या अखेरीस ते जॉन कँपबेल या पदार्थविज्ञान शिकलेल्या, अवघ्या सत्तावीस वर्षांच्या लेखकाच्या हाती आले आणि तेथून पुढच्या दहा-बारा वर्षांच्या कारकिर्दीला जाणकार सुवर्णकाळ म्हणतात. कँपबेलने पत्रसदर तर चालू ठेवलेच, शिवाय वाचकांनी अंकातल्या कथांना दिलेल्या पसंतीवरून दर महिन्याला गुणांचा तक्ता काढून तो छापण्याची तजवीज केली. त्यामुळे कोणती कथा कितव्या क्रमांकावर आली हे लेखकांना दोनतीन महिन्यांत पांढऱ्यावर काळे दिसू लागले. १९३८ च्या जूनमध्ये असिमोव्ह आपली पहिली कथा घेऊन भुयारी रेल्वेने त्याच्या कचेरीत गेला. कथा नाकारली गेली. पण संपादकाने त्याला बसवून घेतले आणि तासाहून अधिक वेळ त्याच्याशी बोलत राहिला. तीन वर्षांनी याच कचेरीत कँपबेलने इमर्सनचे एक वचन त्याच्यापुढे ठेवले, ज्याचा आशय असा की, तारे हजार वर्षांतून एकदाच रात्रभर दिसले असते तर माणसांनी त्यांची किती भक्तिभावाने पूजा केली असती. आणि भक्ती कसली, माणसे वेडी होतील असे सांगून त्यावर कथा लिहावयास त्याला घरी पाठविले.

१९४१ च्या सप्टेंबरच्या अंकात आलेली 'नाइटफॉल' ती हीच. लगाश नावाच्या ग्रहावर सहा सूर्यांमुळे रात्र कधी होतच नाही. दर २०४९ वर्षांनी मात्र एकच सूर्य आकाशात उरतो आणि त्यालाही ग्रहण लागते. तेथल्या उत्खननात एकावर एक अशा अनेक संस्कृतींचे थर सापडतात आणि प्रत्येक थर अग्नीने नष्ट झालेला असतो, कारण अंधारात सापडलेली माणसे उजेडासाठी हाती लागेल ते पेटवितात. या कथेचा आस्वाद घेताना वाचकाला दोन कामे एकदमच करावी लागतात: ज्योतिषाची मांडणी ध्यानात ठेवावयाची, आणि ज्याने अंधार कधी पाहिला नाही अशा मनाची भीती आपल्या मनात उतरवून घ्यावयाची. शेवटच्या पानावर तारे दिसतात. त्या ग्रहाच्या शास्त्रज्ञांनी फार तर मूठभर तारे कल्पिलेले असतात आणि वर तर हजारो तळपत असतात. रोज रात्री डोक्यावर असणारे आकाश परके वाटावयास लावणे हे श्रेष्ठ विज्ञानकथेचे सामर्थ्य, आणि ते 'नाइटफॉल'इतक्या थोड्या पानांत दुसऱ्या कोणी प्रकट केले असेल असे मला वाटत नाही.

युद्धकाळात वाचकांच्या या चोखंदळपणाची दखल सरकारलाही घ्यावी लागली. १९४४ च्या मार्चच्या अंकात क्लीव्ह कार्टमिल या लेखकाची 'डेडलाइन' ही कथा आली. कथा सामान्यच आहे. परग्रहावरील दोन शत्रुपक्षांची नावे म्हणजे 'अ‍ॅक्सिस' आणि 'अ‍ॅलाइज' हे शब्द उलटे लिहून केलेली. परंतु तीत युरेनियम-२३५ वेगळे काढून त्याचा बाँब कसा करावा याचे इतके विस्तृत वर्णन होते की, लष्करी गुप्तचर खात्याचा मनुष्य कँपबेलच्या कचेरीत चौकशीस येऊन थडकला. कँपबेलने शांतपणे दाखला दिला की, युरेनियमच्या विभाजनाविषयी युद्धापूर्वी शास्त्रीय नियतकालिकांत जे उघड छापले गेले होते त्यापलीकडे कथेत काही नाही, लेखकाला ती माहिती आपणच पुरविली, आणि आता अशा कथा एकाएकी बंद केल्या तर आपले चाणाक्ष वाचक त्यावरूनच योग्य तो तर्क करतील. ज्या लॉस अ‍ॅलामॉसमध्ये बाँबचे काम गुप्तपणे चालले होते तेथील शास्त्रज्ञांतही या मासिकाचे वाचक होते आणि जेवणाच्या टेबलावर त्या कथेची चर्चा झाली. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टात हिरोशिमावर बाँब पडला तेव्हा या वाचकवर्गाला बाँब म्हणजे काय हे कोणी समजावून द्यावे लागले नाही. आणि त्यांपैकी पुष्कळांच्या वाचनातला निरागस आनंद त्या दिवशी कायमचा सरला असावा, असे त्यानंतरच्या अंकांतल्या कथांची उदास छटा पाहून मला वाटते.

या वहिवाटीचा सर्वांत सुंदर दाखला मात्र १९४८-४९ सालचा आहे. १९४८ च्या नोव्हेंबरच्या अंकात एका वाचकाचे पत्र छापले गेले, ज्यात त्याने नेहमीप्रमाणे अंकातल्या कथांची गुणानुक्रमे तपासणी केली होती; फरक इतकाच की, ज्या अंकाची तपासणी केली होती तो होता १९४९ च्या नोव्हेंबरचा, म्हणजे अजून एक वर्षाने निघावयाचा. हाइनलाइनची 'गल्फ', असिमोव्हची फाउंडेशन-मालेतली क्रमशः कादंबरी, स्टर्जन, व्हॅन व्होट, डेल रे, डी कँप यांच्या कथा, रॉजर्सचे मुखपृष्ठ असा तपशील त्याने कल्पनेने भरला होता. कँपबेलने ते पत्र छापले, आणि मग वर्षभर त्या त्या लेखकाला गुपचूप पत्रे धाडून, त्या त्या शीर्षकाच्या कथा लिहवून घेऊन, १९४९ च्या नोव्हेंबरचा अंक बव्हंशी त्या पत्राबरहुकूम काढला. एका वाचकाने लिहिलेल्या मसुद्याची अशी अंमलबजावणी दुसऱ्या कोणत्या वाङ्मयात झाली आहे? आणि तिचे फळ त्या अंकापुरतेच राहिले नाही. 'गल्फ' हे शीर्षक आयतेच मिळालेला हाइनलाइन विषय शोधीत असता त्याच्या पत्नीने, व्हर्जिनियाने, सुचविले की, किपलिंगचा मोगली जसा लांडग्यांत वाढला तसा मंगळवासीयांत वाढलेला मानवशिशू घेऊन पाहा. कल्पना मासिकाच्या कथेला मावणारी नाही असे पाहून त्याने ती बाजूला ठेवली आणि 'गल्फ' दुसऱ्याच विषयावर लिहिली. बाजूला ठेवलेल्या त्या कल्पनेची 'स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड' ही कादंबरी १९६१ साली झाली. सिवनीच्या रानातला मोगली अशा रीतीने मंगळापर्यंत पोचला.

शास्त्रज्ञ स्वतःच लेखक झाला म्हणजे ही रुजुवात पुस्तकाच्या पोटातच चालते. केंब्रिजचा खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल याच्या १९५७ च्या 'द ब्लॅक क्लाउड' या कादंबरीत आकाशाच्या एका भागाची महिन्याच्या अंतराने घेतलेली दोन छायाचित्रे पुढे येतात. दुसऱ्यात काळा डाग किंचित रुंद झालेला असतो, आणि तो मेघ सरळ आपल्याकडेच येत असेल तर केव्हा पोचेल याचे गणित फळ्यावर मांडले जाते, त्याचा तपशील हॉईलने तळटीपेत देऊन टाकला आहे. कागद-पेन्सिल घेतलेला वाचक त्या पात्रांच्या बरोबरीने, कधी त्यांच्या आधीही, उत्तराला पोचतो, आणि भयाची शिरशिरी त्याला स्वतःच्या अंकगणितातून येते. त्याच वर्षी केंब्रिजला गेलेला आणि पुढे हॉईलचा शिष्य झालेला मराठी विद्यार्थी म्हणजे जयंत नारळीकर. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा-स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठविली ती आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून, नारायण विनायक जगताप या नावाने, आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. नाव लपविल्यामुळे परीक्षकांना ती कथा इतर कोणत्याही स्पर्धकाची म्हणूनच तपासावी लागली, आणि या वाङ्मयाच्या रीतीला तेच शोभणारे होते.

हॅल क्लेमेंट या टोपणनावाने लिहिणारा गृहस्थ महायुद्धात बाँबफेकी विमानाचा वैमानिक होता आणि नंतर जन्मभर शाळेत विज्ञान शिकवीत राहिला. १९५३ साली 'अस्टाउंडिंग'मध्ये क्रमशः आलेल्या त्याच्या 'मिशन ऑफ ग्रॅव्हिटी' या कादंबरीतला मेस्क्लिन हा ग्रह अठरा मिनिटांत स्वतःभोवती फिरतो. त्यामुळे तो थाळीसारखा चपटला आहे, विषुववृत्तावर गुरुत्व पृथ्वीच्या तिप्पट तर ध्रुवावर सुमारे सातशे पट आहे, आणि मिथेनच्या समुद्रांवर तराफे जोडून केलेली जहाजे हाकणारे तेथले व्यापारी लांबट, बुटके, बहुपाद जीव आहेत. वस्तू खाली पडते ही कल्पनाच त्यांना धड करवत नाही, कारण सातशे पट गुरुत्वात वीतभर उंचीवरून पडणे म्हणजे आपल्याकडे दीडशे मीटरांचा कडा कोसळण्यासारखे. फेकणे, उडी मारणे, डोक्यावर छप्पर असणे, या प्रत्येक गोष्टीचे त्यांना वाटणारे भय याच एका आकड्यातून निपजते. त्यांचा कप्तान बार्लेनन विषुववृत्तापाशी येऊन प्रथमच छपराखाली जातो तो प्रसंग मी कितीदा वाचला असेन. भौतिकशास्त्राच्या एका सूत्रातून जीवमात्राचा स्वभाव उलगडत जावा, याहून अधिक काव्य मी या वाङ्मयाकडे मागितलेले नाही. कादंबरी चालू असतानाच क्लेमेंटने त्याच मासिकात लेख लिहून ग्रहाचे सर्व गणित उघड केले आणि खेळाचे नियमही सांगितले: लेखकाने चुका शक्य तितक्या टाळाव्यात, वाचकाने शक्य तितक्या शोधाव्यात. वाचकांनी शब्द पाळला. मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतील विज्ञानकथाप्रेमी विद्यार्थ्यांनी पुढे नवे गणित करून ग्रहाचा आकार वेगळा ठरविला, आणि ध्रुवावरचे गुरुत्व आपण फार अधिक धरले होते हे क्लेमेंटने प्रांजळपणे मान्य केले.

याच संस्थेचे विद्यार्थी १९७१ साली बॉस्टनला भरलेल्या जागतिक विज्ञानकथा-संमेलनात हॉटेलच्या बोळांतून घोषणा देत फिरत होते, आणि घोषणा ही की 'रिंगवर्ल्ड' अस्थिर आहे. लॅरी निव्हनची 'रिंगवर्ल्ड' ही कादंबरी आदल्याच वर्षी निघाली होती. तीत सूर्याभोवती पृथ्वीच्या कक्षेएवढ्या त्रिज्येचे, सुमारे सोळा लाख किलोमीटर रुंदीचे एक अखंड कडे कोणी अज्ञात स्थापतींनी उभारले आहे आणि ते गरगर फिरत असल्यामुळे त्याच्या आतल्या बाजूवर नद्या, समुद्र आणि माणसे चिकटून राहतात. असे घन कडे मध्यापासून रेसभर सरकले तर अधिकाधिक सरकतच जाते, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेलने शनीच्या कड्यांसंबंधी १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात सिद्ध केलेले होते. विद्यार्थ्यांनी तोच न्याय निव्हनला लावला. पहिल्या आवृत्तीत पृथ्वीच उलट्या दिशेने फिरविली गेली होती, तीही चूक वाचकांनी धरून दिली आणि पुढच्या छपाईत दुरुस्त करविली. फ्लोरिडातील एका शाळेच्या वर्गाने हिशेब करून कळविले की, काही हजार वर्षांत तेथली सगळी सुपीक माती वाहून समुद्राच्या तळाशी जाऊन बसेल. निव्हनने ही पत्रे जपून ठेवली, आणि १९८० साली 'द रिंगवर्ल्ड इंजिनिअर्स' ही दुसरी कादंबरी लिहून प्रत्येक आक्षेपाला कथेत जागा दिली: समुद्रतळाचा गाळ उपसून कड्याच्या भिंतीवरून पुन्हा आत सोडणारे नळ घातले, कडे मध्यावर राखणारी यंत्रे भिंतीवर बसविली, आणि ती यंत्रे तिथल्याच रहिवाशांनी आपल्या जहाजांसाठी काढून नेल्यामुळे कडे सूर्याच्या दिशेने कलू लागले आहे, येथून कादंबरीला प्रारंभ केला.